वाऱ्याच्या वाटेने: नामिबच्या किनाऱ्यावरून एक उड्डाण

नामिबियाच्या नकाशातली पश्चिमेची कड पाहा. खाली ऑरेंज नदीचं मुख, वर कुनेने नदीचं मुख, आणि मध्ये सुमारे दीड हजार किलोमीटर किनारा. या एवढ्या लांबीत बारमाही वाहून समुद्राला मिळणारी एकही नदी नाही. गावं मोजायला एका हाताची बोटं पुरतात: ओरान्येमुंड, ल्युडेरिट्झ, वॉल्व्हिस बे, स्वाकोपमुंड, हेंटीज बे. उरलेलं सगळं वाळू, खडे, धुकं आणि लाटा. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक असलेलं नामिब इथे थेट अटलांटिकच्या पाण्यात पाय बुडवून उभं आहे.

हा किनारा जमिनीवरून पाहता येतो, पण समजत नाही. जीपमधल्या माणसाला समोरची एक टेकडी दिसते, तिच्यामागची दुसरी दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात रंग दिसतात, पण वाळूच्या अंगावरच्या लाटा पुसल्या जातात. या दोन्हींच्या मधली एक उंची आहे, जमिनीपासून तीनशे ते पाचशे मीटरची. तिथे छोटं विमान उडतं. नामिबियात या कामासाठी सर्रास दिसतं ते सेसना २१०: एक इंजिन, सहा जागा, आणि पंख छतावर, म्हणजे खिडकीतून खाली बघताना मध्ये काहीच येत नाही. वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. एका टेकडीचा आकार ओळखेपर्यंत पुढची शंभर टेकाडं त्याच आकाराची दिसतात, आणि मग डोक्यात प्रश्न उभा राहतो की हे सगळं असंच का. त्या उंचीवरून नजर एकेका वस्तूवर थांबत नाही. तिला घडामोड दिसू लागते.

पर्यटकांची उड्डाणं बहुधा स्वाकोपमुंडहून निघतात आणि दोन-अडीच तासांत वाळूच्या टेकड्या आणि किनारा दाखवून परत येतात. उत्तरेकडची मोठी सफर काही दिवसांची असते, मुक्कामामुक्कामाने जाणारी. आपण मात्र कागदावर उडणार आहोत, तेव्हा अगदी दक्षिणेच्या टोकाहून निघू आणि उत्तरेकडे जाऊ. कारण इथे वारा, लाटा, थंड प्रवाह, वाळू आणि हिरे असे सगळेच दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. त्यांच्या वाटेने गेलं की या किनाऱ्याची सगळी गुपितं एकाच दोऱ्यात ओवलेली सापडतात.

नदीने आणलेलं, समुद्राने वाटलेलं

ऑरेंज नदी लेसोथोच्या डोंगरांत उगम पावते आणि दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून अटलांटिकला मिळते. वाटेत तिने लक्षावधी वर्षं दक्षिण आफ्रिकेचं पठार किसून काढलं. त्या पठारातल्या ज्वालामुखी नळ्यांमध्ये हिरे होते. खडक झिजला तसे हिरे सुटे झाले आणि वाळूबरोबर, गोट्यांबरोबर समुद्राकडे निघाले.

मुखाशी पोचल्यावर खरी गंमत सुरू होते. अटलांटिकच्या मोठ्या लाटा इथे नैर्ऋत्येकडून येतात आणि किनाऱ्यावर तिरप्या आपटतात. प्रत्येक लाट वाळूचा कण थोडा उत्तरेला सरकवते. एका लाटेने सरकतं ते वीतभर अंतर, पण लाटा थांबत नाहीत. भूशास्त्रज्ञांनी वाळूच्या कणांमधली खनिजं तपासून ऑरेंज नदीची वाळू थेट अंगोलाच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत ओळखली आहे. हा प्रवास सुमारे १,७५० किलोमीटरचा. किनाऱ्यालगत वाळू वाहून नेण्याचा याहून लांब मार्ग पृथ्वीवर दुसरा नोंदलेला नाही.

हिरेही त्याच वाटेने गेले. एवढ्या आदळआपटीत तडे गेलेले, सदोष हिरे फुटून संपले आणि टिकले ते बहुतेक दागिन्यांत बसवण्याजोगे. म्हणूनच ओरान्येमुंडच्या परिसरात आजही किनारा उकरला जातो. विमानातून तिथे वाळूचे बांध घालून समुद्र मागे सारलेला दिसतो, आणि लांब पाण्यात समुद्रतळाचे हिरे उपसणारी जहाजं दिसतात.

२००८ साली अशाच एका बांधामागे, समुद्र हटवून कोरड्या केलेल्या तळावर, खाणीतल्या लोकांना तांब्याचे गोळे आणि हस्तिदंत सापडले. खणत गेल्यावर एका पोर्तुगीज गलबताचे अवशेष निघाले. दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, शंभराहून अधिक हस्तिदंत, आणि हजारो किलो तांबं. त्या तांब्यावर आउग्सबुर्गच्या फुगर या जर्मन सावकार घराण्याचा त्रिशूळ उमटवलेला होता. संशोधकांच्या मते हे गलबत बहुधा १५३३ साली लिस्बनहून भारताकडे निघालेलं ‘बोम जेझुस’ असावं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १५३० मध्ये, पोर्तुगीजांनी आपली भारतातली राजधानी गोव्याला आणली होती. तांबं देऊन मिरी आणायची, हा त्या व्यापाराचा मोठा भाग. मलबारच्या मिरीसाठी निघालेलं ते तांबं आफ्रिकेच्या या निर्जन किनाऱ्यावर पावणेपाचशे वर्षं वाळूखाली पडून राहिलं. हस्तिदंतांच्या डीएनएवरून ते पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांतल्या हत्तींचे असल्याचं कळलं, आणि हस्तिदंतात एवढी माहिती टिकली ती बहुधा थंड समुद्र आणि तांब्याच्या ओझ्यामुळेच.

आणखी उत्तरेला ल्युडेरिट्झ येतं. १९०८ मध्ये जवळच्या रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या कामगाराला चमकणारा खडा दिसला. त्याने तो आपला मुकादम आउगुस्ट श्टाउख याला दाखवला. श्टाउख धनाढ्य झाला, आणि तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मन सरकारने किनाऱ्याचा प्रचंड पट्टा सर्वसामान्यांना बंद करून टाकला. कोल्मन्सकॉप हे हिऱ्यांचं गाव तेव्हा उभं राहिलं आणि १९५६ पर्यंत पुरतं ओस पडलं. आज वरून पाहिलं तर घरांच्या दारांतून वाळू आत गेलेली दिसते. पण ल्युडेरिट्झच्या बंदराला लागून असलेली खडकाळ जिभेसारखी जमीनही पाहायला हवी. तिचं नाव शार्क आयलंड. १९०५ ते १९०७ या काळात जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांना इथल्या छावणीत डांबलं. थंडी, उपासमार आणि सक्तीची मजुरी यांनी तिथे असंख्य माणसं मेली. ज्या रेल्वेमार्गावर पुढे हिरा सापडला, तो बांधायला हेच कैदी राबवले गेले होते. जर्मनीने त्या संहाराला वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये. या किनाऱ्याचं सौंदर्य सांगताना हे सांगायचं राहिलं तर ते सांगणं अपुरं ठरेल.

समुद्र आहे, मग पाऊस का नाही?

कोकणाच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे पाऊस हे गणित जन्मापासून पाठ असतं. स्वाकोपमुंडला मात्र वर्षाकाठी वीस मिलिमीटरही पाऊस पडत नाही. समोर अथांग पाणी आणि पाठीमागे कोरडं ठाक वाळवंट, हे कोडं विमानातून समुद्राचा रंग पाहताना उलगडतं. ते पाणी निळं नसून हिरवट, दाट दिसतं.

इथे वर्षभर दक्षिणेचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वाहती वस्तू डावीकडे वळते. उत्तरेकडे ढकललं जाणारं पृष्ठभागावरचं पाणी त्यामुळे पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा भरायला खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं. उत्तरेकडे वाहणाऱ्या बेंग्वेला प्रवाहाचा गारवा मुख्यतः याच पाण्यातून येतो. ल्युडेरिट्झच्या समोर हे वर येणं जगातल्या सर्वांत जोरकस ठिकाणांपैकी एक आहे.

त्या पाण्याने वरची हवा गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. हवा वर चढली नाही तर ढग उंच वाढत नाहीत, आणि पाऊस पडत नाही. ओलावा मात्र तिथेच असतो. त्याचं धुकं होतं. किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी दिवस सकाळी धुक्यात उगवतात आणि ते वाऱ्याबरोबर वाळवंटात पन्नास किलोमीटर आणि त्याहूनही आत शिरतं.

पहाटे विमान या धुक्याच्या वर निघालं तर खाली पांढरा सपाट पृष्ठभाग पसरलेला असतो आणि त्यातून फक्त उंच टेकड्यांची लाल टोकं वर आलेली असतात. त्याच वेळी त्या टेकड्यांच्या माथ्यावर काळे भुंगे डोकं खाली, पाठ वर करून वाऱ्याला तोंड देऊन उभे असतात. ‘ओनिमाक्रिस उंग्विक्युलारिस’ या जातीचा भुंगा. धुक्याचे थेंब त्याच्या पाठीवर जमतात आणि ओघळत तोंडात जातात. १९७६ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली या शास्त्रज्ञांनी हे जगासमोर मांडलं. सीली यांनी कुइसेब नदीकाठच्या गोबाबेब संशोधन केंद्रात आयुष्याचा मोठा भाग घालवला. विमानातून भुंगा दिसत नाही, पण तो का जगतो हे कळतं: त्याला धुक्यातून पाणी देणारा आणि त्याचा पाऊस हिरावून घेणारा समुद्र एकच आहे.

वर येणारं पाणी नुसतं थंड नसतं, खतासारखं सकसही असतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर मासे, माशांवर पक्षी आणि सील. पण उरलेलं सगळं तळाला जाऊन कुजतं, तिथला प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठतं. कधीतरी ते एकदम वर उसळतं. तेव्हा वॉल्व्हिस बेच्या बाहेर समुद्र दुधाळ फिरोजी होतो, सडक्या अंड्यांचा वास शहरापर्यंत येतो, आणि गुदमरलेले शेवंडे जीव वाचवायला पाण्यातून बाहेर येतात. भरपूर अन्नानेच आलेलं हे मरण अवकाशातूनही दिसतं.

समुद्रातून आलेलं वाळवंट

ल्युडेरिट्झ मागे पडलं की वाळूचा खरा विस्तार सुरू होतो. नामिब सँड सी या नावाने २०१३ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. तीस लाख हेक्टरांहून मोठा हा प्रदेश. ही सगळी वाळू वाळवंटातच तयार झाली असेल असा आपला सहज समज होतो. प्रत्यक्षात तिचा बहुतांश भाग ऑरेंज नदीने समुद्रात टाकला, लाटांनी उत्तरेला नेला, आणि तिथून वाऱ्याने पुन्हा जमिनीवर उचलून आणला. नदीतून समुद्रात, समुद्रातून पुळणीवर, पुळणीवरून वाळवंटात. हे वाळवंट समुद्रातून बाहेर आलं आहे.

विमानातून हा प्रवास रंगांत वाचता येतो. किनाऱ्यालगतची वाळू फिकट, पिवळसर. आत जावं तशी ती नारिंगी होते आणि पूर्वेच्या कडेला, सोसुसव्लेईजवळ, तांबडी. कणांवरच्या लोखंडाचा गंज जसा जमत जातो तसा रंग गडद होतो. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी वैश्विक किरणांनी वाळूत तयार झालेली समस्थानिकं मोजली, आणि वाळूचा कण या टेकड्यांमध्ये किमान दहा लाख वर्षं फिरत राहतो असं त्यांना आढळलं. आज सोसुसव्लेईच्या टेकडीवर चढणाऱ्या माणसाच्या पायाखालची वाळू माणूस जात जन्मण्याच्या आधीच इथे पोचलेली आहे.

टेकड्यांचे आकारही वाऱ्याची नोंद ठेवतात. किनाऱ्याजवळ वारा एकाच दिशेने वाहतो, म्हणून तिथे बारखान नावाच्या चंद्रकोरीसारख्या टेकड्या दिसतात, दोन्ही शिंगं वाऱ्याच्या पुढे. मध्यभागी टेकड्या लांबच लांब, जवळजवळ दक्षिणोत्तर पसरलेल्या रांगांत आहेत. आणि अगदी पूर्वेला, जिथे हिवाळ्यात आतल्या पठारावरून तापलेला पूर्वेचा वाराही येऊन भिडतो, तिथे टेकडीला चहूबाजूंनी कडा फुटतात आणि ती चांदणीसारखी वाढत तीनशे मीटरपर्यंत उंच होते. नकाशा न उघडता, नुसत्या सावल्यांवरून, कुठे कोणता वारा आहे हे सांगता येतं.

मग अचानक सगळं थांबतं. कुइसेब नदीच्या दक्षिणेला उंच टेकड्या आणि उत्तरेला खड्यांचं सपाट मैदान, मधली रेघ इतकी स्पष्ट की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आणि नदीत बहुतेक वेळ पाणीही नसतं. वर्षाकाठी काही दिवस पूर येतो आणि तेवढ्या दिवसांत तो दक्षिणेकडून पात्रात घुसलेली वाळू धुऊन काढतो. पाणी थोडं, पण नेमकं. नदीकाठच्या बाभळींच्या हिरव्या पट्ट्यात टोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि टेकड्यांवर उगवणाऱ्या काटेरी नारा वेलीची फळं गोळा करतात.

याच वाळूच्या समुद्रात, कन्सेप्शन बेजवळ, एक जहाज वाळवंटात उभं आहे. ‘एदुआर्द बोहलेन’, पंचाण्णव मीटर लांब जर्मन मालवाहू जहाज. १९०९ च्या सप्टेंबरात धुक्यात ते किनाऱ्याला लागलं. आज ते पाण्यापासून चारशे-पाचशे मीटर आत आहे. जहाज तिथेच राहिलं आणि वाळू साठत गेल्याने किनारा पश्चिमेला सरकला. कोल्हे त्याच्या सावलीत विसावतात. जमिनीवरून हे अवशेष एक कुतूहल वाटतात. वरून पाहिलं की गंजलेला लोखंडी सांगाडा आणि लाटांची रेघ यांच्यातलं अंतर एका शतकात किनारा किती चालला ते दाखवतं.

दगडफुलं, मीठ आणि सील

सँडविच हार्बरजवळ वाळूच्या उभ्या भिंती थेट लाटांत उतरतात. भरतीला तिथे चालायलाही जागा उरत नाही. त्यापुढे वॉल्व्हिस बेची मिठागरं येतात: गुलाबी, विटकरी, हिरवट, पांढरे चौकोन. खारटपणा वाढत जातो तशी प्रत्येक वाफ्यात वेगळी सूक्ष्म जीवसृष्टी वाढते आणि रंग तिचेच असतात. शेजारच्या उथळ खाजणात हजारो रोहित पक्षी.

स्वाकोपमुंडच्या उत्तरेला किनारा सपाट होतो आणि तिथे हेंटीज बेच्या दक्षिणेला ‘झायला’ ही मासेमारी नौका लाटांत अडकलेली दिसते. ती भंगारात एका भारतीय कंपनीला विकली गेली होती आणि ओढून मुंबईकडे नेली जात होती. २००८ च्या ऑगस्टमध्ये दोर सुटला आणि ती इथे लागली. आता तिच्या कठड्यांवर पाणकावळ्यांची दाटी असते.

याच सपाट भागात विमानाचं आणखी एक महत्त्व कळतं. इथल्या खड्यांच्या मैदानावर जिप्समची पातळ साय आहे आणि तिच्यावर नारिंगी, करडी, हिरवी दगडफुलं वाढतात. ती धुक्यावर जगतात आणि फार सावकाश वाढतात. एक चाक त्यांच्यावरून गेलं की ती जखम कित्येक दशकं भरत नाही. वरून जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या आजही स्पष्ट दिसतात, कुणी कधी वाट चुकलं तेही. ज्या भूमीवर पाऊस पडत नाही, तिथे काहीच पुसलं जात नाही. म्हणून इथल्या मोठ्या भागाला हवेतून पाहणं हाच कमीत कमी इजा करणारा मार्ग आहे, फक्त उंची राखली पाहिजे. केप क्रॉसच्या सीलच्या वसाहतीवर, जिथे जगातल्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक असतो, खूप खाली उतरलेल्या विमानाच्या आवाजाने माद्या पाण्याकडे धावतात आणि पिल्लं चिरडली जाऊ शकतात. १४८६ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव याने याच टोकावर दगडी क्रूस रोवला होता. मूळ क्रूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीला नेला गेला आणि तो परत करण्याचं जर्मनीने २०१९ मध्ये जाहीर केलं.

सांगाड्यांचा किनारा

उगाब नदी ओलांडली की स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यान लागतं. १९७१ मध्ये घोषित झालेला, कुनेनेपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा पट्टा. त्याच्या उत्तर भागात सामान्य वाहनांना प्रवेश नाही. तिथे मोजक्या परवानाधारक सफरी जातात आणि बहुतेक विमानानेच.

वैमानिकाला इथे दोन गोष्टींची चिंता असते. पहिली धुकं. उतरायची जागा अर्ध्या तासात झाकली जाऊ शकते, म्हणून परत फिरण्यापुरतं इंधन कायम हवं आणि आतल्या भागातली पर्यायी धावपट्टी ठरलेली हवी. धुक्याच्या काठावर वाळू, समुद्र आणि आकाश एकाच करड्या रंगाचे होतात, क्षितिज हरवतं, आणि अशा वेळी डोळ्यांपेक्षा उपकरणांवर विसंबावं लागतं. दुसरी दुपारची हवा. काळे खडक तापले की हवा उसळते आणि छोटं विमान हेलकावे खातं. धावपट्टी म्हणजे मैदानावरची दगड बाजूला काढलेली सरळ पट्टी. उतरण्याआधी तिच्यावर हरणं उभी नाहीत ना, हे बघायला एक फेरी मारतात.

चूक झाली तर काय होतं, हे १९४२ च्या नोव्हेंबरात दिसलं. ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज १०६ माणसांसह कुनेनेच्या दक्षिणेला आपटलं. बायका आणि तान्ह्या मुलांसह ६३ जण पुळणीवर उतरले आणि मग त्यांची होडी निकामी झाली. मदतीला आलेली ‘सर चार्ल्स एलियट’ ही टग स्वतःच किनाऱ्याला लागली आणि तिच्यावरचे दोघे, अँगस मॅकिंटायर आणि मथायस खोरासेब, बुडाले. अन्नपाणी टाकायला आलेलं व्हेंचुरा बॉम्बर विमान कॅप्टन इमिन्स नॉडे यांनी माणसं उचलायला खाली उतरवलं आणि ते वाळूत रुतलं. जमिनीवरून निघालेला ताफा वाळूत खणत, ढकलत पुढे सरकत राहिला. जहाजावरचं प्रत्येक माणूस वाचलं, पण तोवर डिसेंबर उलटत आला होता. पुढे व्हेंचुरा खणून काढलं, उडवलं आणि ते पाऊण तासाच्या आत समुद्रात कोसळलं. त्यातले तिघे पोहत किनाऱ्याला आले. जॉन मार्श या पत्रकाराने १९४४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि या किनाऱ्याचं नाव जगभर झालं. जहाजं इथे एका कारणाने फुटत नाहीत. धुकं दृष्टी घेतं, प्रवाह आणि लाटा किनाऱ्याकडे ओढतात, सपाट किनाऱ्यावर ओळखीची खूण नाही, आणि जो वाचून वर येतो त्याला प्यायला पाणी नाही.

पण हे मरणाचं ठिकाण म्हणून पाहणं अपुरं आहे. होआनिब आणि होआरुसिब या नद्यांची कोरडी पात्रं वाळूतून हिरव्या रेघांसारखी समुद्राकडे येतात. त्यांत हत्ती राहतात आणि सोंडेने वाळू उकरून पाणी काढतात. १९८० च्या दशकात किनाऱ्यावर येऊन सील खाणारे सिंह नोंदले गेले होते, मग ते तिथून दिसेनासे झाले, आणि अलीकडच्या वर्षांत ते पुन्हा पुळणीवर शिकार करताना दिसले आहेत. सिंहाच्या पावलांची रांग लाटांच्या फेसाला लागून जाते. ज्या थंड पाण्याने त्याच्या वाळवंटातला पाऊस तोडला, तेच पाणी सीलच्या रूपाने त्याला जेवू घालतं.

आणि मग पूर्वेला नजर टाकली की मराठी माणूस चमकून जाईल. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे काळपट डोंगर, एकावर एक थर. हे सह्याद्रीचेच भाऊबंद शोभावेत, आणि घडणीने ते आहेतही. एतेंडेकाचा हा बेसाल्ट सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टपेक्षा वयाने दुप्पट. तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एक होत्या. त्या फाटताना भेगांतून लाव्हा पूर आल्यासारखा पसरला, आणि त्याचा कितीतरी मोठा भाग आज ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्यात आहे. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, हुआब नदीच्या परिसरात लाव्हाच्या थरांखाली वाळूच्या जुन्या टेकड्या आपल्या आकारासकट दबून टिकल्या आहेत. लाव्हा टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागांतून वाहत आला आणि हळूहळू त्या झाकून गेला. म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागर जन्मण्याच्या आधीही इथे वाळवंट होतं. समुद्र नंतर आला.

आता वाळू कुठून येणार?

कुनेनेजवळ बारखान टेकड्या पुन्हा दाटतात. यांतल्या काही उतारांवरून वाळू घसरली की घुमल्यासारखा खोल आवाज येतो, दुरून विमान येतंय असा. पुढे नदी हिरवी आणि वाहती दिसते, पलीकडे अंगोला. नदी सरहद्द आखते, पण वाळूला ती मान्य नाही. ती लाटांबरोबर मुखासमोरून पलीकडे निघून जाते.

ही यंत्रणा किती नाजूक आहे हे मात्र उलट्या टोकाला, ऑरेंज नदीवर कळतं. दक्षिण आफ्रिकेने तिच्यावर गारीप आणि व्हँडरक्लूफ ही मोठी धरणं बांधली, पहिलं १९७१ मध्ये आणि दुसरं १९७७ मध्ये पूर्ण झालं. शेतीला आणि विजेला ती हवीच होती. पण धरणाच्या पोटात पाण्याबरोबर गाळही थांबतो, आणि जी वाळू समुद्राला मिळत नाही ती पुढे उत्तरेलाही जात नाही. नामिबच्या टेकड्यांमध्ये दहा लाख वर्षांची शिल्लक आहे, त्यामुळे त्यांना याचा फरक आपल्या आयुष्यात दिसणार नाही. पुळणीचा हिशोब मात्र दरवर्षीच्या भरण्यावर चालतो. म्हणून नामिबच्या किनाऱ्याचं रक्षण उद्यानाच्या सीमेवर सुरू होत नाही. ते लेसोथोच्या डोंगरांत, धरणांच्या दरवाजांशी, समुद्राच्या पाण्याच्या तापमानाशी आणि वाऱ्याच्या दिशेशी बांधलेलं आहे. पाऊस, वारा, नदी आणि लाट यांची ही साखळी मधूनच कुठे तुटली तर तिचा परिणाम हजार किलोमीटर दूर एखाद्या पुळणीवर उमटेल. छोट्या विमानाच्या खिडकीतून ही सगळी साखळी एकाच नजरेत पाहिलेल्या माणसावर ती सांगत राहण्याची जबाबदारी येते.